आण्णांनी न बोललेलं

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शिंगणगावच्या कुस्ती मैदानातल्या मोठ्या पडद्यावर रंगराव मगदूम यांनी न बोललेलं एक वाक्य उमटलं. आखाडा त्या वेळी रिकामा होता. एक जोड नुकतीच सुटली होती, पुढची लंगोट कसत होती, आणि निवेदक रंगराव खुर्चीत बसून ताक पीत होते.

वाक्य आलं तशी आधी समोरची बाजू गप्प झाली, मग डावी, मग उजवी. हलगीवाला सगळ्यांत शेवटी थांबला, कारण पडद्याकडे त्याची पाठ होती. मैदानात दहा-बारा हजार माणसं असतील. त्यांतल्या एकाच व्यक्तीला त्या वाक्याचं आश्चर्य वाटलं नाही. ती रंगरावांची सून, वृषाली.

रंगरावांना सगळे आण्णा म्हणत. वारणाकाठची मैदानं कित्येक वर्षं त्यांच्या आवाजावर चालली. पैलवान आखाड्यात उतरला की त्याचं गाव, त्याची तालीम, त्याचा वस्ताद आणि त्या वस्तादाचाही वस्ताद ते हातात कागद न घेता सांगत. गर्दी उठून उभी राहिली की ‘खाली बसा’ म्हणत. पहिल्यांदा पोरं बसत, दुसऱ्यांदा म्हातारे, तिसऱ्यांदा पुढारी. मग घशाचा कर्करोग निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. आण्णा वाचले, आवाज गेला. ते मोबाइलवर एका बोटाने टाइप करून दाखवायचे. त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत समोरच्यांचं बोलणं दोन विषय पुढे गेलेलं असायचं. हळूहळू त्यांनी टाइप करणंही सोडलं.

वृषालीने त्या वर्षी पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडली आणि मूक माणसांसाठी वाचायंत्र बनवणारी पुण्यातलीच एक छोटी कंपनी धरली. काम सांगलीतल्या घरूनच करायचं होतं. नवरा धनंजय म्हणाला, “अगं, बिनपगारी चाकरी करायची तर माझ्या डेअरीत कर.” तिने ऐकलं नाही.

यंत्र म्हणजे जबड्याखाली बांधायची एक मऊ पट्टी. माणूस बोलतो तेव्हा जीभ आणि जबड्याखालचे स्नायू हलतात, आणि हलण्याआधी त्यांच्यात विजेची बारीकशी लाट येते. स्वरयंत्र नसलं तरी ही लाट येतच राहते, कारण मेंदूचा हुकूम तर सुटलेला असतो. पट्टी ती लाट वाचते, शब्द ओळखते आणि माणसाच्या जुन्या ध्वनिफितींवरून घडवलेल्या आवाजात ते म्हणून दाखवते. इथपर्यंतचं शास्त्र जुनंच होतं. नवं होतं ते पट्टीतलं संवेदक, म्हणजे लाट टिपणारा भाग. तो इतका तल्लख होता की मोठ्याने बोलण्याइतकी हालचाल त्याला लागतच नसे. आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हाही हे स्नायू पुसटसे थरथरतात. पट्टीला तेवढं पुरे होतं.

याचा अर्थ, बोलणं आणि मनात म्हणणं यांच्यातली भिंत या यंत्रापुरती उरली नव्हती. तिच्या जागी कानाखाली एक बटण आलं होतं. मनात आलेलं वाक्य आधी कच्चं म्हणून साठायचं. बटण दाबलं की ते पक्कं व्हायचं आणि बाहेर पडायचं. दाबलं नाही तर थोड्या वेळाने पुसलं जायचं. कंपनीच्या माहितीपत्रात ठळक छापलं होतं : तुम्ही दाबल्याशिवाय कोणी ऐकत नाही.

वृषालीकडे यंत्राच्या वेबपानाचं काम होतं. असं पान चौकटी जोडून बनतं. चौकट एकदा लिहायची आणि हवी तिथे पुन्हा वापरायची. आण्णांचे शब्द दाखवणारी चौकट घरच्या टीव्हीवर होती, धनंजयच्या मोबाइलवर होती, डॉक्टरांच्या पानावर होती. अडचण अशी, की प्रत्येक चौकट स्वतःपुरतं लक्षात ठेवायची. टीव्हीवर आण्णा चहा मागत असायचे आणि मोबाइलवर अजून सकाळची गोळी घेत असायचे. यावर उपाय ठरलेला आहे. लक्षात ठेवायचं काम चौकटींकडून काढून घ्यायचं आणि सगळ्यांच्या वर एकाच सामाईक कोठारात ठेवायचं. चौकटींनी तिथून फक्त वाचायचं. मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार कर्णे असतात, पण माइक एकच असतो, तसं.

फक्त त्या माइकवर काय जाऊ द्यायचं, हे ठरवावं लागतं. पुढचा शब्द सुचवणाऱ्या चौकटीला कच्चं वाक्य हवं होतं. कोठार शुक्रवारी द्यायचं होतं. वृषालीने कच्चं आणि पक्कं दोन्ही त्यातच ठेवलं.

तिचा सहकारी कौस्तुभ पुण्याहून म्हणाला, “ताई, कच्चं वर कशाला? कुठलीही चौकट वाचू शकेल ना ते.”

“वाचणार कोण? दाखवणाऱ्या सगळ्या चौकटी आपल्याच आहेत.”

“तरी.”

“नंतर वेगळं करू.”

कोठार नीट चालतंय का हे पाहण्यासाठी तिने स्वतःच्या लॅपटॉपवर एक तपासणीची चौकट ठेवली होती. कोठारात जे येईल ते ती तत्काळ दाखवायची. पहिल्याच आठवड्यात, आण्णा बाहेरच्या खोलीत बसले असताना, तिथे अक्षरं उमटली : ‘पोरगी चा चांगला करती, पर साखर टाकताना जीव जातो हिचा.’

ती मोठ्याने हसली. संध्याकाळी एक चमचा साखर जास्त टाकली. आण्णांनी घोट घेतला, कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. “झ्याक,” टीव्हीजवळच्या स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला.

त्याच दिवशी कच्चं वेगळं काढता आलं असतं, काम अर्ध्या तासाचं होतं. तिने ते दुसऱ्या दिवसावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी आण्णांची पाठ दुखत होती आणि ते कोणाला सांगत नव्हते. तिने गरम पाण्याची पिशवी नेऊन दिली. मग आंघोळीला कोणाचा हात धरायची त्यांना लाज वाटते हे वाचून न्हाणीघरात आधाराची दांडी बसवली. मग त्यांच्या मयत बहिणीचं वर्षश्राद्ध धनंजय विसरला होता, तेव्हा तिने सहज आठवल्यासारखं करून त्याला आण्णांपाशी तो विषय काढायला लावलं. प्रत्येक वेळी ती स्वतःला सांगायची, की हे त्यांच्याचसाठी आहे. ते खरंही होतं, आणि म्हणूनच थांबणं अवघड झालं.

हसनभाई वस्ताद रोज सकाळी आण्णांकडे येत. दोघांची मैत्री तालमीच्या दिवसांपासूनची. एकदा आण्णा त्यांना म्हणाले, “आमची सून मनातलं वळखती बघ.”

“मग माझ्या सुनंला शिकीव म्हणावं,” हसनभाई म्हणाले. “ती तोंडातलं बी ऐकत न्हाई.”

आण्णांचा आवाज हसला. हसण्याची ध्वनिफीत वृषालीने एका जुन्या मैदानाच्या चित्रणातून शोधून घातली होती. ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. तिला बाहेर जावंसं वाटलं नाही.

त्यानंतर तपासणीच्या चौकटीत हळूहळू जड वाक्यं येऊ लागली. ‘ह्यो माझा आवाज न्हवं.’ ‘मढं बोलतंय माझं.’ ‘मी आसं कवा बोललो? हाय म्हणतो तर आहे म्हणतंय.’ शब्द सुचवणारी यंत्रणा त्यांची बोली पुस्तकी करत होती. वृषालीने जुन्या फिती आणखी भरल्या आणि बोली पुष्कळशी जागेवर आणली. आण्णांनी बटण दाबून शाबासकी दिली. कच्च्यात मात्र उमटलं : ‘मढ्याला आता माझी बोली बी शिकवली.’

हे त्यांनी तिला कधी ऐकू येऊ दिलं नाही. तिने आपल्यासाठी एवढं केलंय, तर तिला वाईट वाटू नये म्हणून.

मैदानाची गोष्ट कंपनीकडून आली. शिंगणगावच्या यात्रेत यंत्र सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं होतं. आवाज गेलेला निवेदक पुन्हा निवेदन करणार, मोठ्या पडद्यावर त्याचे शब्द उमटणार. वर्तमानपत्रांचे लोक येणार होते, आणि पहिल्यांदाच यंत्राबरोबर वृषालीचं नाव छापलं जाणार होतं. घरून काम करणारी, बैठकीत जिचा चेहरा कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत असतो, अशा बाईला ते किती हवं असेल, हे कळणं अवघड नाही.

तिने आण्णांना विचारलं तेव्हा लॅपटॉप तिच्या मांडीवर उघडा होता.

आण्णांनी बटणाला हात लावला नाही. चौकटीत अक्षरं आली : ‘नगं. त्या मातीत ह्या मशिनीनं बोलायचं? देवा, नगं.’ मग, थोड्या वेळाने : ‘पर पोरगी लई राबली.’

त्यांनी बटण दाबलं. “जाऊ की. का न्हाई?”

वृषालीने लॅपटॉप मिटला.

“मग कळवते मी त्यांना, आण्णा,” ती म्हणाली.

पुढे काय झालं ते बरंचसं यंत्राचं आहे. हे मात्र यंत्राने केलेलं नव्हतं. त्या माणसाचा नकार तिला कळला होता. समोर दिसेल इतका स्पष्ट वाचता आला होता. आणि तिने त्याचा होकार घेतला, कारण होकारावरच बटण दाबलं गेलं होतं.

मैदानाच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास ती आण्णांच्या फेट्याचा शेव नीट करत होती. कौस्तुभ पडद्याच्या मागे तंबूत बसला होता. त्याचा संदेश आला : ‘ताई, चाचणीत पडद्यावर अक्षरं उशिरा येतात. यात्रेचे संयोजक ओरडतायत. तुमची तपासणीची चौकट तत्काळ दाखवते. तीच लावू का? निवेदक सारखा बोलतच असतो, कच्चं काय नि पक्कं काय, सारखंच.’

‘नको’ एवढंच टाइप करायचं होतं. पण त्याने ‘का?’ विचारलं असतं. त्या चौकटीत काय काय दिसतं हे सांगावं लागलं असतं, आणि मग ते तिला कधीपासून ठाऊक आहे हेही. तिने ठरवलं, की उत्तर दिलं नाही तर तो थांबेल. फोन पर्समध्ये टाकला. तंबू वीस पावलांवर असेल. ती गेली नाही.

कौस्तुभला वाटलं, ताईंची हरकत नाही.

सुरुवातीला मैदान खूश होतं. आण्णा बटण दाबून धरायचे आणि कर्ण्यांतून त्यांचा आवाज फुटायचा. एका पोराने ढाक डाव टाकला तेव्हा “आरं, धर धर धर, सुटला तर आईला काय सांगशील!” असं ते म्हणाले आणि सगळं मैदान हसलं. ‘खाली बसा’ला पुढारी दुसऱ्याच वेळी बसले. हसनभाईंनी डोळ्यांना धोतराचा सोगा लावला. वृषालीला वाटलं, बघा, आण्णांना स्वतःलाच कळत नव्हतं. त्यांना हे हवंच होतं.

मग जोड सुटली. आण्णा पहिल्यांदाच खुर्चीत बसले, बटण सोडलं, ताकाचा पेला हातात घेतला.

पडद्यावर आलं : ‘मढ्याला फेटा बांधून बसवलंय.’

मैदान गप्प झालं. दुसरी ओळ आली : ‘माझा आवाज गेला तवाच मी गेलो. ह्येंला कोण सांगणार.’

हसनभाईंनी आण्णांच्या खांद्याला हात लावला आणि पडद्याकडे बोट केलं. आण्णा वळले. ते वाचू लागले, आणि वाचताना मनात जे येत होतं ते त्याच ओळींखाली उमटू लागलं : ‘ह्ये मी बोललो न्हाई. मी बटण दाबलं न्हाई.’ पेला हातातच होता. मग : ‘वृषालीला कळता कामा नये.’

ही शेवटची ओळ. तोवर कौस्तुभने पडद्याची वायर उपटली होती.

आण्णांनी मान फिरवून सुनेला शोधलं. ती आखाड्याच्या कडेला उभी होती. बाकी सगळे पडद्याकडे बघत होते. ती एकटी आण्णांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला सांगता येणार नाही. काय नव्हतं ते तिला पक्कं ठाऊक आहे : आश्चर्य.

परतताना गाडीत धनंजय एकटाच बोलत होता. “मशिन हाय, चुकायचंच. एवढं मनावर घेऊ नका आण्णा. लोक चार दिसांत विसरत्यात.” आण्णांनी पट्टी काढून मांडीवर ठेवली होती. घरी आल्यावर त्यांनी कित्येक महिन्यांनी मोबाइल हातात घेतला, एका बोटाने टाइप केलं आणि वृषालीपुढे धरलं.

‘कवापास्नं?’

“आजच, आण्णा,” ती म्हणाली. “पुण्याच्या पोराने चुकीची चौकट लावली.”

आण्णांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही हे तिला समजलं नाही. चार महिन्यांत पहिल्यांदाच समजलं नाही, आणि ते कळायला काहीच मार्ग नाही याची आधी तिला भीती वाटली. लाज त्यानंतर वाटली. हा क्रम तिच्या लक्षात राहिला आहे.

सोमवारी कंपनीने पत्रक काढलं. ‘एका कनिष्ठ सहकाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे’ असे त्यात शब्द होते. कौस्तुभला घरी बसवण्यात आलं. दुपारी त्याचा फोन आला.

“ताई, मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“तुम्ही वाचलंही होतं. निळी खूण आहे माझ्याकडे. मी ती कोणाला दाखवलेली नाही.”

“का नाही दाखवलीस?”

“मला वाटलं, तुम्हीच सांगाल. तुम्ही सांगणार आहात ना?”

तिने होय म्हटलं. फोन ठेवल्यावर लॅपटॉप उघडला आणि कोठार दुभागलं. कच्चं वाक्य पट्टीतच राहील, शब्द सुचवण्याचं कामही पट्टीतच होईल, बाहेर फक्त पक्कं येईल, अशी रचना केली. काम खरंच अर्ध्या तासाचं निघालं. तपासणीची चौकट पुसायची राहिली होती. ती तिने पुसली, आणि पुसण्याआधी ती रिकामी आहे ना हे पाहण्यासाठी म्हणून एकदा उघडली. आण्णांची पट्टी खुंटीला होती. चौकट रिकामीच असणार होती. तरी तिने पाहिलं.

मग कंपनीला लिहिलं. कच्चं वर ठेवण्याचा निर्णय माझा होता. ते दिसतं हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. कौस्तुभने विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही. लिहायला फार वेळ लागला नाही. पुण्यातली माणसं लांब होती.

आण्णा जवळ होते. बुधवारी सकाळी हसनभाई येऊन गेल्यावर ती बाहेरच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच म्हणाली, “आण्णा, मी खोटं बोलले. ‘आजच’ नव्हे. चार महिने.”

आण्णांनी हातातला कप खाली ठेवला.

“साखर, पाठ, आत्याबाईंचं श्राद्ध, सगळं मी वाचत होते. आणि मैदानाला तुम्ही नको म्हणालात ते पण.” मग तिने तेच पुन्हा म्हटलं. “नको म्हणालात ते मी वाचलं होतं. तरी नेलं.”

आण्णांनी मोबाइल उचलला नाही. उठले, चप्पल घातली आणि तालमीकडे गेले. दुपारचं जेवण हसनभाईंच्या घरी झालं, असं धनंजयने सांगितलं. धनंजय तिच्याशी त्या दिवशी तेवढंच बोलला. रात्रीच्या जेवणाला आण्णा घरी होते. भाकरी वाढून घेतली. तिने वाढलेली आमटीही घेतली.

गुरुवारी सकाळी ती त्यांच्यापुढे दुरुस्त केलेली पट्टी ठेवून म्हणाली, “आता कच्चं बाहेर येत नाही. मलाही दिसत नाही. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. धनंजयला सांगा, दुसऱ्या कोणाकडून तपासून घेईल.” आणि ती आत गेली.

धनंजयने सांगलीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून पट्टी तपासून घेतली. त्याने दुपारी कळवलं, की बाई सांगतात ते बरोबर आहे.

चारच्या सुमारास आण्णांनी पट्टी जबड्याखाली बांधली. वृषाली भाजी निवडत होती, समोरच्या खोलीत, दार उघडं. आण्णा खुर्ची ओढून दारात बसले, तिच्याकडे तोंड करून. त्यांची हनुवटी हलू लागली, अगदी बारीक, जवळून पाहिलं तरच दिसेल अशी. ते बोलत होते. बराच वेळ बोलत होते. एकदा डोळे मिटले, एकदा मानेची शीर ताठ झाली. शिवी असेल किंवा आणखी काही. टीव्हीवरची चौकट कोरी होती. तिने तिकडे पाहिलं नाही. भाजी निवडून झाली तरी ती उठली नाही.

दिवे लागेपर्यंत दोघं तशीच बसून होती. आण्णांचा हात दोनदा कानाकडे गेला. बटण त्यांनी अजून दाबलेलं नाही.